काहूनकाकूंचे चिंचोके

काकूंना कोणी सरळ उत्तर दिलं की त्या लगेच विचारत, "काहून?" भाजीवाल्याला, डॉक्टरला, एकदा तर भर कीर्तनात महाराजांना. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावात त्या काहूनकाकूच होत्या. माझ्या चुलत्यांची बायको. महिला राखीव जागेवर त्या सरपंच झाल्या, तेव्हा गावाला वाटलं, कारभार काका करतील आणि काकू सह्या करतील.

त्याच वर्षी भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, त्या मला घेऊन पातूरकडच्या एका खेड्यात गेल्या. तिथे देवळासमोर गाडगी मांडलेली होती, प्रत्येकावर एकेका कामाचं चित्र. ग्रामपंचायतीच्या पैशातून आधी कोणतं काम घ्यायचं, ते ठरवायला लोक येऊन चिंचोके टाकत होते. इकडे पंगत उठली, तरी काकू गाडग्यांपाशीच.

"बाईले येगळा चिंचोका काहून?" त्यांनी एकीला विचारलं.

"घरामागं एकच देला, तं तो नवऱ्याचाच होते वो बाई," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत काकू माझ्याशी त्या चिंचोक्यांशिवाय दुसरं काही बोलल्याच नाहीत.

गावात आल्यावर त्यांनी ग्रामसेवकाचा पिच्छा पुरवून त्याला नियम वाचायला लावले आणि ग्रामसभेत गाडगी मांडलीच. आमच्या गल्लीत पावसाळ्यात पिंडरीएवढा चिखल व्हायचा. रस्ता होणार, असं काका आधीच सांगत सुटले होते. पण त्या दिवशी गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया, ज्या कधी सभेला आल्या नव्हत्या, त्या कडेवर लेकरं घेऊन आल्या. वस्तीवरच्या नळाचं गाडगं काठोकाठ भरलं.

"सरपंच घरात अन् चिखल दारात!" काका ताटावरून उठले.

काकूही जेवल्या नाहीत. मागच्या अंगणात मला म्हणाल्या, "म्या बी रस्त्यातच टाकला होता. लय वाईट वाटून राहिलं मले. पन पानी तं त्याहिले खरंच लागत होतं." काका तो अख्खा पावसाळा कुरकुरत चिखल तुडवत राहिले. नळ मात्र वस्तीवर आला.

सरपंचपद संपल्यावर शेजारच्या एका गावाने पहिल्यांदाच अशी सभा घेतली आणि काकूंना बोलावलं. मी सोबत होते. निकाल लागला, टाळ्या झाल्या, लोक काकूंना हार घालायला शोधू लागले. त्या एका पारावर, पडलेल्या चेहऱ्याच्या म्हाताऱ्याशेजारी बसल्या होत्या. त्याला स्मशानात शेड हवं होतं. त्याचं गाडगं जवळजवळ रिकामंच राहिलं होतं.

"शेड काहून पाह्यजे होतं जी तुमाले?"

भर पावसात बायकोला अग्नी देताना काय झालं, ते तो सांगू लागला. हळूहळू भोवती माणसं जमली. शेवटची एसटी निघून गेली, पण काकू उठल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. पुढच्या वर्षी त्या गावात पुन्हा सभा भरली. या खेपेला गाडगी मांडायला तो म्हातारा सर्वांच्या आधी आला होता.