फूटभर प्रवास

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या जोशीकाकांनी गाडीला झेंडूचा हार घातला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. नजर अधू झाल्यापासून ते गाडी चालवत नाहीत. वर्षातून एकदा, लिंबू चिरडण्यापुरती, ती फूटभर पुढे जाते.

"बाबा, विका आता ती," गॅलरीतून त्यांची मुलगी म्हणाली. "थोड्या वर्षांत ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्या येतील. बोलावली की दारात, काम झालं की गेली."

तिचं खरंच आहे. मलाही तशी गाडी चालेल. पार्किंगची कटकट तरी संपेल. पण पहिल्या नोकरीला निघालो तेव्हा स्टेशनवर आणि आईच्या छातीत कळ येऊन घाम फुटला त्या दुपारी दवाखान्यात याच गाडीने नेलं होतं. दोन्ही वेळा काका एवढंच म्हणाले होते, "चल, सोडतो." ज्या गाडीत सगळेच प्रवासी, तिथे हे कोण कुणाला म्हणणार?

काकांनी डावीकडचं दार उघडलं. "चल, सोडतो."

मी बसलो. लिंबू फुटलं. उतरताना सवयीने म्हणालो, "उगाच तुम्हाला त्रास, काका."

"त्रास कसला? मी त्याच बाजूला निघालो होतो."