उकिरडी म्हणायचं नाही

माझ्या धाकट्या सुनेचं बाळंतपण पुण्याला, तिच्या माहेरी ठरलं होतं. पण दिवस भरायच्या आधीच, मुलगा राहतो त्या अमरावतीलाच, दवाखान्यात तिला मुलगी झाली. मी हिवरखेडहून निघाले, अकोल्याला गाडी बदलली आणि दुपारी पोहोचले. विहीणबाई रात्रीच्या गाडीनं पुण्याहून माझ्या आधीच आलेल्या.

काचेच्या पेटीत पोर ठेवली होती. माझ्या तळहातावर मावली असती. एवढं लहान माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते हातपाय हलवत होतं. मी काचेजवळ तोंड नेऊन म्हटलं, "काय वं उकिरडे, एवढी कायची घाई झाल्ती तुले?"

"माझ्या नातीला उकिरडी म्हणता?" विहीणबाई एकदम लाल झाल्या.

"लाडानं म्हणलं, बाई."

"कचरा टाकतात त्या जागेचं नाव, आणि लाडानं?"

मी त्यांना सांगितलं. आमच्याकडे मूल अशक्त असलं की त्याला चांगलं म्हणत नाहीत. माझ्या आईची दोन मुलं गेली. मग भाऊ झाला, तेव्हा आजीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं "हे काय पडलं इथं" म्हणत उचलून आणलं. टाकलेल्या वस्तूकडे मरण पाहत नाही म्हणतात. भाऊ आता म्हातारा झाला, तरी गाव त्याला उकिरड्याच म्हणतं आणि तो ओ देतो.

"ते तुमच्या गावात. इथे बाळ मरणाशी झगडतंय."

"म्हणूनच तं म्हणून राहिली मी."

त्यांनी माझ्या मुलाला बजावलं, की यांना पुन्हा आत सोडायचं नाही. मुलगा माझ्याकडे पाहीना. "माय, तू बाहेर बस जराशी," म्हणाला. बसले. माफी काही मागितली नाही. नातीला हात लावायला मिळेल की त्याआधीच तिचं काही होईल, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सुनेला ताप भरला. म्हणून पेटीतलं बाळ नर्सबाईंनी तिच्याऐवजी विहीणबाईंच्या उघड्या छातीशी बांधलं आणि वर चादर दिली. माणसाच्या उबेनं असली लेकरं तगतात म्हणे. दार उघडंच होतं. मी बाकावरून पाहत होते. विहीणबाई "सोनुली, छकुली" असं हळू हळू बोलत होत्या.

मधेच त्यांचा आवाज बदलला. "सिस्टर! ही हलत नाहीये."

मी उठून दारात गेले. पोरीचे ओठ निळे दिसत होते. कमी दिवसांची लेकरं श्वास घ्यायचा विसरतात, हे मला तिथेच कळलं. नर्स धावत आली. "तळव्याला टिचकी मारा, हाक मारा तिला."

"सोनू... बाळा..." काही नाही. मग विहीणबाई ओरडल्याच. "ए चोरटे! लबाडे! आजीशी नाटकं करतेस? घे श्वास, घे म्हणते ना!"

पोर दचकली. छाती हलली. बारीक रडू आलं.

आमच्या गावात कोणाला चोर म्हणा, भांडण होतं. लबाड म्हटलं तर बोलणं बंद. आणि ही बाई झाडूवाल्यालाही अहो-जाहो करणारी. श्वास विसरलेलं लेकरू अशा बोलानं परत येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कुठून आलं तिच्यात हे?

"तुमी लेकराले चोर म्हणता काय?" मी दारातूनच विचारलं.

"अहो, ते आम्ही लाडानं..." त्या तिथेच थांबल्या. हसलं कोणीच नाही.

मग म्हणाल्या, "तुम्ही आत या, विहीणबाई. हात धुऊन या. आता तुम्ही घ्या हिला."

नर्सबाईंनी बाळ माझ्या छातीशी बांधलं. वजन असं लागलंच नाही, फक्त ऊब लागली. "बोला आजी, तिला आवाज कळतो," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यभर तोंडाळ म्हणून नावाजलेली. पण तेव्हा मला एक शब्द सुचला नाही. तिची छाती माझ्या छातीवर वर-खाली होत होती, ते बघत बसले.