दारातली बाई

डहाणूत मी वेबसाइटी करून देते. चिकूच्या वाड्या, घरगुती मुक्काम, एखादी नर्सरी, असली माझी गिऱ्हाइकं. सगळ्यांना सगळं कालच हवं असतं, म्हणून मी एक साचा करून ठेवलाय. संगणकाच्या काळ्या खिडकीत एक कमांड द्यायची; ती नाव विचारते, गाव विचारते, आणि एंटर मारलं की पानं, मेनू, रंग, चित्रांच्या जागा, सगळं उभं. मग गिऱ्हाइकानं फोटो पाठवायचे आणि मी नमुन्याचे काढून ते घालायचे.

नमुन्याच्या पहिल्याच पानावर एक बाई होती. कुडाच्या घराच्या दारात उभी, मागे भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे हात उमटवलेले, नजर थेट आपल्याकडे. फोटो मीच काढलेला. पानावर दुसरं काहीही चढायच्या आधी ती हजर. बाई माझ्या आधी पोचते, असं मी थट्टेनं म्हणायचे. पण एकटी काम करत असले की तिच्यावर दुसरी खिडकी ओढून ठेवायचे, हेही खरं.

आमची गिऱ्हाइकं फोटो पाठवण्यात महाआळशी. "ताई, राहू द्या ना तीच, चांगली दिसते," म्हणायची. मीही वैतागून सोडून द्यायचे. अशी ती विवळवेढ्याच्या एका मुक्कामाच्या पानावर राहिली, आणि तलासरीच्याही एका.

एका दुपारी कोसबाडचे एक म्हातारे बागाईतदार काठी टेकत माझ्याकडे आले. त्यांच्या वाडीची वेबसाइट हे माझं अगदी पहिलं काम, साचा त्यावरूनच बेतलेला. पण तेव्हाचं सगळं त्यांच्या मुलानं पाहिलं होतं, यांना मी प्रथमच बघत होते. त्यांची बायको भांडून घरातून निघून गेली होती आणि परत आलीच नव्हती. आता कुणाच्या तरी मोबाइलवर, माझ्या त्या दारातल्या फोटोत, ती त्यांना दिसली होती.

ते आधी विवळवेढ्याला जाऊन आले. तिथल्या माणसानं हात झटकले. तलासरीचा मालक मात्र ओशाळला. फोटो आपल्या घरचा नाही हे आलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगणार? "शेतावर गेलीय, येईल एवढ्यात," असं म्हणून तो मोकळा झाला. काका त्याच्या ओट्यावर अंधार पडेपर्यंत वाट बघत बसले.

ऐकून मला त्या मालकाचा असा संताप आला! मी काकांना साच्याची गोष्ट समजावली. पटेना, म्हणून त्यांच्यासमोर कमांड दिली. कैनाडच्या एका नव्या कामाचं नाव घातलं, एंटर मारलं. ती आली.

"परत कर," ते म्हणाले.

मी मनाला येईल ते नाव टाकलं. त्या नसलेल्या घराच्या नावाखाली ती पुन्हा उभी राहिली, तीच नजर. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. काकांनी पडद्याला हळूच बोट लावलं.

"काका, हा मी तुमच्याच घरी काढला असणार," मी म्हटलं.

"ही माझीच. पण हे घर आपलं नाय. तू वाडीत आलीस, त्याच्या आधीच ती गेलेली."

मग हे दार कुठलं? पान झटकन उघडावं म्हणून साचा प्रत्येक फोटो लहान करतो आणि त्याला चिकटलेली तारीख, ठिकाण पुसून टाकतो. मीच तसं करून ठेवलंय. मूळ फोटो जुन्या फोनबरोबर गेला. त्या दिवसांत मी तलासरीकडच्या पाड्यापाड्यांतून फोटो काढत हिंडत होते, आणि कुठलं घर कुठं होतं ते आता काही केल्या आठवेना.

"तुझ्याशी काय बोलली काय ती?"

मी डोळे मिटून बसले. तिनं मला पाणी दिलं होतं. कुठून आलीस, विचारलं होतं. मी त्या सकाळीच यांच्या वाडीतलं काम उरकून निघाले होते, तसं सांगितलं. मग तिनं, कुणीही विचारावं तितक्या साधेपणानं विचारलं, "तिकडं सगळे बरे आहेत ना?"

हे मी काकांना सांगितलं.

"मग तू काय बोललीस?"

"म्हटलं, हो. सगळे मजेत आहेत."

काकांनी मान हलवली.

"तेव्हा मी मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होतो," ते म्हणाले. "तुला कुणी दाखवलं नसेल."