रत्नाचे गाल आणि माझी ट्यूब

रत्ना माझी धाकटी जाऊ. आमच्या असोदा गावात भरीत कुणाच्या हातचं खावं असं विचारलं, तर लोक तिचं नाव सांगतात. मी तिच्या दहा वर्षं आधी या घरात आले, वांगी मीही भाजते, पण माझं नाव कुणी घेत नाही. हे मला डाचायचं, अजूनही डाचतं. उगाच मोठेपणाचा आव कशाला आणू?

हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असली की रत्ना कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून बसायची आणि शंभर माणसांची वांगी एकटी भाजायची. जाळाने तिचे गाल लाल व्हायचे. बायका म्हणायच्या, काय तेज आहे तोंडावर. माझं तोंड त्याच जाळापुढे नुसतं काळवंडतं. तिचा नवरा दीपक नरडाण्याला कारखान्यात आहे, आठवड्याने घरी येतो. तोही आल्या आल्या तिच्या गालांकडे बघायचा. आमच्याकडे असं कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मात्र ती लाली उतरेना. जाळ विझला तरी गाल तापलेले, नाकावर बारीक लाल शिरा, वर पुटकुळ्या. कढत चहा प्यायला की आग, ठेचा खाल्ला की आग, उन्हात गेलं की आग. मला आतून बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

तरी थोरली म्हणून काहीतरी करणं भाग होतं. माझ्या भावाला नायट्यासाठी मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती. आमच्याकडे एक ट्यूब सगळ्या घराला पुरते, खाजेला तीच आणि भाजल्यालाही तीच. ती त्याच्याकडून आणून मी रत्नाला दिली. गुण आला तर नाव माझंच होणार होतं.

गुण आला, पण नाव झालं नाही. आठ दिवसांत तिचा चेहरा आरशासारखा झाला. शेजारची शेवंताबाई म्हणाली, रत्ना, तू तर नव्या नवरीसारखी दिसतेस. तो चेहरा माझ्या ट्यूबचा आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या पोटात असं दुखलं की महिनाभराने मी ट्यूब परत मागून घेतली, कपाटात साड्यांखाली ठेवली आणि तिने पुन्हा मागितल्यावर संपली म्हणून सांगितलं.

चार दिवसांत तिचं तोंड पेटलं. आधी नव्हतं इतकं. डोळेही चुरचुरायला लागले. दीपकला सुट्टी मिळेना, म्हणून बसने जळगावला मीच घेऊन गेले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी नीट पाहिलं आणि रोझेशिया असं नाव सांगितलं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, अस्वच्छपणामुळेही होत नाही. मुळापासून जात नाही, पण सांभाळला तर ताब्यात राहतो. ऊन, जाळ, तिखट, कढत चहा, यातलं काय बाधतं ते रोज लिहून ठेवायचं. तोंड साध्या पाण्याने धुवायचं, घासायचं नाही. बाहेर पडताना उन्हाचं क्रीम लावायचं. बाकी औषध त्या लिहून देतील तेवढंच. मग त्यांनी आधी काय लावलं ते विचारलं.

रत्नाने ट्यूबचं नाव सांगितलं. अक्कांनी, म्हणजे मी, दिली आणि अक्कांनीच बंद केली, असंही सांगितलं.

"बंद केली ते बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, सोडली की भडकतो. आणखी काही महिने लावली असती तर कातडी पातळ झाली असती."

मी खिडकीबाहेर बघत बसले.

गावात आल्यावर रत्नाने सांगितलं काय, तर अक्कांनी वेळेवर ट्यूब बंद केली म्हणून माझं तोंड वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा बायका माझ्याबद्दल चांगलं बोलल्या. जाळासमोर बसायला रत्नाला मनाई झाल्यावर भरिताची जागाही आपोआप माझ्याकडे आली. मला हवं ते सगळं मिळालं आणि त्यातलं काहीच घशाखाली उतरेना.

यंदाच्या पहिल्या पार्टीला मी वांगी भाजली. रत्ना लांब केळीच्या सावलीत ओढणी गुंडाळून बसली होती. तिच्यासाठी बिनमिरचीचं भरीत वेगळं काढून मी ताट घेऊन गेले आणि सांगून टाकलं, की ट्यूब संपली नव्हती, माझ्याच्याने तुझं रूप बघवलं नाही.

तिने घास मोडला. "मले माहीत व्हतं, अक्का. तुमच्या साड्यांच्या घड्या करताना म्या ते पाह्यली व्हती."

"मग घेतली का नाहीस? तोंडाची आग होत होती ना तुझ्या?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

ती जेवत राहिली. गाल थोडे लाल होते, बाकी चेहरा शांत. इतकी वर्षं मी त्या गालांवर जळले. तिच्या मनाचा हेवा करायचा तेवढा मात्र राहून गेला होता.