हरिबामामांचं पळतं काळीज

आमचं मामा, म्हंजे माझं सासरं हरिबा, म्हसवडजवळच्या वाडीत देवाचं माणूस. बिरदेवाच्या जत्रेत ढोल घुमला की त्यांचं काळीज धाडधाड पळायचं, डोळं फिरायचं, अन् मामा आडवं. झालं! लोकं भंडारा उधळायची, पाया पडायची, पोरीचं लगीन कवा जमंल ते विचारायची. मामा कायतरी पुटपुटायचं. पहिला नारळ त्यांचाच.

माझी सासू बयाबाई, म्हंजे आमची आत्ती, मातर कधी पाया पडली न्हाई. देव जत्रेत येतोय ते ठीक, पर मेंढरांच्या वाड्यात लेंड्या झाडताना कशाला येतोय, असं तिचं म्हणणं.

तिचंच खरं निघालं. यंदा उन्हाळ्यात मामा वाड्यातच कोसळलं ते उठंनात. वाडीचं आरोग्य बघणारी आशाताई क्रांती बीपीचं मशीन घेऊन पळत आली. नाडी एवढी पळत हुती की मोजता येईना, अन् बीपी पार तळाला. मला पटंना. काळीज एवढं पळतंय, मग बीपी चढायला नगं? गाडीत घातलं अन् दवाखाना गाठला.

डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, तसं काळीज चालीवर आलं. मग त्यांनी समजावलं. काळीज आधी रक्तानं भरतं, मग पिळून पुढं ढकलतं. लय पळालं की भरायला सवडच न्हाई. शेळीची कास भरू न देता पिळत बसलं तर चरवीत काय पडंल? म्हणून बीपी उतरतं, डोक्याला रक्त पुरत न्हाई, माणूस पडतो. गोळ्या रोज घ्या, अन् पुन्हा असं झालं तर अंगावर काढू नका, जिवावर बेतंल.

मामांचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे इतकी वर्सं देव आलाच न्हवता?"

मला लय वाईट वाटलं. त्या नारळाबिगर त्यांना दुसरा मान कुठला?

जत्रा आली. गोळ्या चुकवल्या असणार, कारण ढोल घुमला अन् मामांचा हात छातीवर गेला. लोकं भंडारा घेऊन सरसावली. गप राहिलं तर मान राहतोय, पर जीव?

मामा खाली बसलं अन् मोठ्यानं म्हणालं, "देव न्हाई रं, माझं काळीज पळतंय. गाडी काढा."

 मग पुजारी नानासोंनी हात जोडलं. "देव बोलला. काढा गाडी."

आत्तीनं तवा पहिल्यांदा मामांच्या पायाला हात लावला, चप्पल चढवायला.

मामा बरं होऊन आलं, अन् आठ दिसांनी क्रांतीच्या दारात अख्खी वाडी बीपी मोजायला उभी. काळजाचं दुखणं लपवू नका, हा देवाचाच हुकूम, मोडतंय कोण? पहिला नंबर मामांचा. तिथं कुणी पुढं घुसत न्हाई, तो मान त्यांचा.