बटण कुठल्या अंगाला

वडिलांच्या नाकावर टॅब्लेट पडला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार नाकाचा नाही, काचेचा आला. हे आधीच कबूल करून टाकतो. काच शाबूत होती. नाकावर मात्र आठवडाभर निळा डाग राहिला आणि वडिलांनी तो आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवला.

वडील नव्वदीला आले आहेत. कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद ठेवण्याचं काम. निजामाच्या अमलात शाळेत गेले, म्हणून उर्दूत शिकले. त्या शाळेतला त्यांचा एकच सोबती आता उरला आहे. ते खुलताबादला राहतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचांना ठार ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर बोलण्याचा प्रश्नच नाही. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, ते उर्दूत पानभर पत्र लिहितात, त्यांची नातसून त्याचा फोटो काढून माझ्या मोबाइलवर पाठवते. वडील वाचून उत्तर लिहितात, त्याचा फोटो मी पाठवतो. पाच-सहा वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

मग वडिलांची नजर मंदावली. मोबाइलवर चाचांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग दिसायला लागली. बोटांनी मोठं करावं, तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. म्हणून मी मोठा टॅब्लेट आणला. पण मानेच्या दुखण्यामुळे वडील आडवे पडूनच वाचतात आणि उजवा हात थरथरतो म्हणून डाव्या हातात धरतात. चालू-बंद करायचं बटण नेमकं डाव्या अंगठ्याखाली यायचं. दोन ओळी झाल्या की अंधार. उलटा धरायला सांगितला, तर धरताना तोल गेला आणि तो सरळ नाकावर आला.

"ही पाटी नको," वडील म्हणाले. "हलकी बघ. अन् बटण माझ्या अंगठ्याला लागलं नाही पाहिजे."

आता मी पडलो कारखान्याच्या खरेदी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. समोर दिसली ती वस्तू उचलून आणणं माझ्या रक्तात नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की छोटा टॅब्लेट नव्या रूपात येणार आहे. कधी येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कसा असणार हे मात्र सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकजण म्हणे, कडा केसासारख्या बारीक. दुसरा म्हणे, पाण्यात पडला तरी फिकीर नाही. आणि बटण? सोमवारी वर, बुधवारी उजवीकडे, शनिवारी बटणच नाही. दुकानातला छोटा आज घेतला आणि पुढच्या महिन्यात नवा आला तर? मी वडिलांना म्हटलं, "थोडं थांबू. घाईत घेऊन पस्तावण्यात अर्थ नाही."

"थांबू," वडील म्हणाले. कोर्टात जन्म गेलेल्या माणसाला थांबण्याचं काय मोठंसं!

आमच्या सिडकोतल्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक सुतार मिस्त्री राहतात. त्यांना मी त्या होऊ घातलेल्या टॅब्लेटचं चित्र दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "चित्रात बघून काय कळतंय साहेब? कपाट करायचं असलं तरी मी गिऱ्हाइकाला आधी नमुना दाखवतो." दोन दिवसांत त्यांनी शिवणी लाकडाचा नमुना आणून दिला. लांबी-रुंदी अफवेप्रमाणे तंतोतंत, कोपरे गोलसर, बटणाच्या जागी एक बारीक खिळा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकला तर जड भरला. मिस्त्रींनी तो मागून कोरला. बातमी बदलली की खिळा उपटून दुसऱ्या कडेला ठोकायचा. महिन्याभरात त्या फळीच्या चारही कडांना वाळवी लागल्यासारखी भोकं पडली.

वडील रोज अर्धा तास ती फळी डोळ्यांसमोर धरून सराव करायचे. गंमत म्हणून नव्हे, अगदी मन लावून. मी समोर वही घेऊन बसायचो.

"अंगठा मोकळा आहे," ते सांगायचे. "वजन बरोबर. खिळा वरच राहू दे." मग थोड्या वेळानं, "बाकी यात अक्षरं कधी येणार?"

बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!" मी लक्ष दिलं नाही. खरेदी खात्यात असले शेरे पुष्कळ ऐकले होते.

इकडे चाचांची पत्रं येऊन पडत होती. एक, दोन, करता करता सात झाली. मी वडिलांना म्हटलं, तुम्ही आपली खुशाली तरी लिहून पाठवा. ते कडाडले, "न वाचलेल्या कागदावर मी आयुष्यात शेरा मारला नाही." मिस्त्रींना उर्दू येतं, त्यांच्याकडून वाचून घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "खासगी कागद आहे तो. भर कोर्टात वाचायचा का?" मध्ये एकदा नातसुनेनं विचारलं, की दादाजी जवाबाची राह बघताहेत, सगळं ठीक आहे ना? मी तेव्हा बारीक कडांबद्दलचा एक व्हिडिओ बघत होतो. घाईघाईत उत्तर म्हणून नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं.

शेवटी एका सकाळी बायको रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला औरंगपुऱ्यात गेली, ती कागदांची एक लांब सुरळी घेऊन परत आली. माझ्या मोबाइलवरची सातही पत्रं तिनं परस्पर त्या दुकानदाराला पाठवली होती आणि असेल त्या सगळ्यात मोठ्या कागदावर छापून घेतली होती. अक्षरं बोराएवढी. वजन काही नाही. बटण कुठल्याच अंगाला नाही.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

"रांग होती, म्हणून पंधरा मिनिटं," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मला इतकी लाज वाटली, की मी उगाचच रेशनकार्ड तपासत बसलो.

वडील आडवे झाले आणि मोठ्यानं वाचायला लागले. वाचून झालं की आमच्यासाठी मराठीत सांगायचे. पहिल्या पत्रात चाचांचा गुडघा आणि शेजाऱ्याची शेळी. दुसऱ्यात, पुढच्या जुम्म्याला जेवायला ये, दालचा करायला सांगतो. तिसऱ्यात, दालचा केला होता, संध्याकाळपर्यंत वाट बघितली. चौथ्यात आणि पाचव्यात तब्येतीची चौकशी. सहाव्यात लिहिलं होतं, की तुझा मुलगा अंगठा दाखवतो, म्हणजे तू धडधाकट आहेस. सातवं पत्र म्हणजे एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ: मियाँ, खफा हो गए क्या?

वडिलांनी कागद खाली ठेवला. "माझी टोपी दे," म्हणाले. "गाडी काढ."

खुलताबाद आमच्यापासून पाऊण तासावर. दौलताबादच्या घाटात मी एकदा म्हणून बघितलं, की चाचांना आपण बटणाची अडचण नीट समजावून सांगू. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आरशात मागची वाहनं बघायला लागलो.

चाचा अंगणात खाटेवर बसले होते. वडिलांना बघितलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. वडील काठी टेकत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. या माणसानं आईची, माझी, कुणाचीही माफी मागितलेली मी जन्मात ऐकली नव्हती.

"गलती हुई," वडील म्हणाले.

"क्या?" चाचांनी कानामागे हात धरला.

"गलती हुई मेरी!"

"क्या बोल्या? मेरेकू सुनाई नै आया."

तिसऱ्यांदा वडील असे ओरडले, की कणकेच्या हातानं शेजारीण दारात आली. चूक माझी होती आणि नव्वदीचे वडील ती स्वतःच्या नावावर गल्लीला ऐकवत होते. मला मान वर करवेना. "चाचा, गलती मेरी है," मी पुटपुटलो, पण ते त्यांना कुठलं ऐकू यायला!

चाचा खाटेवर जरा सरकले आणि वडिलांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

"बस कर," ते म्हणाले. "पैलेच टाइम तेरी सूरत देखके समज गया था मैं. मगर अस्सी साल में पैली बार बोल्या तू. तीन बार तो बुलवाऊँगा ना!"