तिसऱ्या परसाची बाटली

वरवट बकालजवळच्या आमच्या शेतात बाबांनी विहीर खोदली, तेव्हा एक उद्योग केला होता. एकेक परस, म्हणजे पुरुषभर खोली गाठली की तिथली ओंजळभर माती ते काचेच्या बाटलीत भरून ठेवत. परसाचा आकडा लिहिलेल्या अशा सहा बाटल्या घरातल्या फळीवर ओळीने मांडलेल्या असत. शेजारच्या कुणाला विहीर पाडायची असली की तो आधी त्या बघून जाई. पुढे मी शाळेत भूगोल शिकवू लागले. पृथ्वीचं प्राचीन हवामान मुलांना घसा कोरडा करून सांगायची, आणि घरातल्या बाटल्यांना मात्र ‘बाबांचं दुकान’ म्हणून नाक मुरडायची.

यंदा विहिरीनं तळ गाठला आणि संत्र्याची बाग वाळली. नवी कलमं लावावी की नाही, हे भावाला ठरवता येईना. संत्रं म्हणजे फळासाठी पाच-सहा वर्षं थांबणं आलं, आणि तोवर पाणी हवंच. त्याची मुलगी भूगर्भशास्त्र शिकते. ती सुट्टीत आली आणि थेट फळीपाशी गेली.

चौथी बाटली तिनं ताटात ओतली. पांढरे खडे निघाले. ती बाबांना म्हणाली,

“आबा, पाऊस लय कमी झाला का मातीत असे खडे बनतात. हजारो वर्सांमांगं इथं मोठा कोरडा काळ होता.”

त्याहून खोलच्या, म्हणजे जुन्या मातीच्या पाचवीत गोगलगायींचे शंख निघाले. म्हणजे त्याआधी इथं पाणी साचत होतं. हवामान तेव्हाही बदललं, ती सांगत होती, पण बहुधा सावकाश. आता माणसानं धूर करकरून त्याला घाई लावली आहे. मागं काय झालं ते कळलं, तर पुढचा थोडा अंदाज बांधता येतो.

बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी खडे चाचपून पाहिले. मग म्हणाले, “मंग त्या कोरड्या काळानंतर पाऊस वापस कवा आला? एका पिढीत, का लय पिढ्या गेल्या?”

भाऊही तिच्या तोंडाकडे बघू लागला.

“तिसऱ्या परसाची माती त्याच्या नंतरची. ते पाह्यली असती तं काही सांगता आलं असतं. ते बाटली कुठी हाय?”

पहिल्या नोकरीवर जाताना ती बाटली मीच उकिरड्यावर रिकामी केली होती आणि धुऊन तिच्यात तिखट भरून नेलं होतं. ती माती आता परत मिळायची नाही; विहीर केव्हाच दगडांनी बांधून काढलेली. आता गावात सगळे बोअरच पाडतात, त्यातून नुसता भुगा वर येतो. मी कबूल केलं. लाज वाटली, आणि भूगोलाची बाई म्हणून तर फारच.

बाबा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. “मले मालूम होतं,” ते म्हणाले. “तवा मलेबी वाटलं, मातीच तं हाय.”

भावानं रोपवाटिकेला फोन करून कलमं नको म्हणून सांगितलं. बाबांनी खडे एकेक करून बाटलीत भरले, बूच घट्ट लावलं आणि आम्हा तिघांकडे पाहिलं.

“पाऊस वापस कवा येते, ते आता तुमाले जगूनच पाहा लागन.”